पलीकडे गेलेल्या फांद्या

फाल्गुन निम्मा सरला की सोलापुरातले कडुलिंब बघता बघता म्हातारे होतात. परवापर्यंत हिरवीगार असलेली झाडं पिवळी पडतात आणि मग वाऱ्याच्या एकेका झोताबरोबर उघडी होत जातात. ती बारीक, विळ्यासारखी वाकलेली पानं रस्त्यावरून खरखरत पळतात, उंबऱ्याशी साठतात, धुतलेल्या कपड्यांत अडकतात. सकाळी झाडून घेतलेलं अंगण दुपारी पुन्हा तसंच. मग पंधरवड्यात कोवळी तांबूस पालवी येते, तिच्या मागोमाग पांढरा बारीक फुलोरा, आणि संध्याकाळी गल्लीभर तो वास पसरतो. जरा गोड, जरा कडवट. लोक म्हणतात, नवीन वर्षाचा वास. माझं तसं नाही. हा वास आला की माझ्या अंगात भांडण जागं होतं. मान ताठ होते. कुणी काही म्हटलेलं नसतानाही वाटतं, म्हणून तर बघा.

याला कारण त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, आणि माझी आई.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. भिंती दगडमातीच्या, वर पत्रे. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं पत्र्याखाली काढला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. दहा वाजता पत्रे तडतडायला लागायचे. बाराला खोलीतल्या पितळी भांड्याला हात लावला तर चटका बसायचा. त्या वर्षी तर पाऊसही दगा देऊन गेलेला. आडाला पाणी नव्हतं, नळाला यायचं तेव्हा यायचं, आणि सांगोल्याकडून, आईच्या माहेरच्या बाजूनं, माणसं गुरं सोडून शहरात येत होती.

पण आमच्या अंगणात कडुलिंब होता. पश्चिमेच्या कमरेएवढ्या भिंतीला लागून त्याचं खोड होतं, दोन माणसांनी कवेत घ्यावं असं. दुपार कलली की त्याची सावली बरोबर आमच्या अंगणात उतरायची. तिथं पोतं अंथरून आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कात्रीनं कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याची नजर मागं राहायची. आई एकटी नसायची. गल्लीतल्या आणखी बायका आपापली सुपं घेऊन यायच्या. भिंतीपलीकडची लक्ष्मीअक्काही यायची. ती तेलुगू. तिचं मराठी तिच्यासारखंच, कमी आणि नेमकं. तंबाखूचा उग्र वास, बायकांचं हसणं, मध्येच टपकन पडणारं एखादं पान. त्या सावलीत आमच्या घरची चूल पेटायची, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

भिंतीपलीकडं लक्ष्मीअक्काच्या नवऱ्याचे, नरसय्यांचे माग होते. खोलीत माग आणि अंगणात सूत रंगवायची भट्टी. रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी ते अंगणात बांबूंवर वाळत घालायचे. लाल, निळ्या, मोरपंखी. मला लहानपणी वाटायचं, त्यांच्या अंगणात रोज सण असतो. पण आमच्या झाडाच्या निम्म्या फांद्या त्या अंगणावर गेल्या होत्या. फाल्गुनात पानं, चैत्रात फुलोरा, पुढं चिकट निंबोळ्या, आणि बाराही महिने कावळे. सगळं त्या ओल्या सुतावर. फुलोरा सुताला असा चिकटायचा की एकेक पाकळी नखानं काढावी लागायची आणि खाली डाग राहायचा तो राहायचाच.

नरसय्या भांडखोर माणूस नव्हता. त्या फाल्गुनात एके दिवशी संध्याकाळी ते लाल सुताची एक लड घेऊन आमच्या दारात आले. आप्पा, म्हणजे माझे वडील, नुकतेच गिरणीतून आले होते. नरसय्यांनी ती लड दोन्ही हातांवर आडवी धरून दाखवली, जशी एखादी जखम दाखवावी.

"बघा ओ भाऊ. असं माल कोण घेनार?"

आप्पांनी लड बघितली आणि हळहळले. आप्पा भला माणूस. इतका भला की समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवायचा नाही. कुणी काही मागितलं की ते "त्यात काय" म्हणायचे. तेव्हाही म्हणाले, "त्यात काय, पाडून टाकू की झाड. येत्या सुट्टीला माणूस लावतो."

"नक्की?"

"शब्द दिला की."

नरसय्या हात जोडून गेले. आई चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावरून काढली, टोपल्यात ठेवली आणि विचारलं, "कुणाला इचारून दिला शब्द?"

"अगं, त्याचं नुकसान होतंय. शेजारी हाय."

"नुकसान होतंय ते खरं. पर झाड पाडायचं कुणाला इचारून ठरवलं?"

"झाडाचं काय एवढं इचारायचं?"

आई म्हणाली, "तुमी सकाळी गिरणीत जाता, सांजच्याला येता. दुपारी बारा वाजता ह्या पत्र्याखाली एक दिस बसून दाखवा. मग द्या शब्द."

 आप्पांना वाटलं, बायको दोन दिवस धुसफुसेल आणि गप्प बसेल. गल्लीतल्या सगळ्याच पुरुषांना आपापल्या बायकांबद्दल असंच वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच दोन लाकूडतोडे आले. खांद्यावर कुऱ्हाडी, हातात लांब करवत, दोराची वेटोळी. झाड पाडायचं आणि लाकूड त्यांनी वखारीला न्यायचं, असं आप्पांचं त्यांच्याशी ठरलेलं. त्यातला म्हातारा खोडावर थाप मारून "चांगलं निघंल" म्हणाला. ती थाप मी अजून विसरले नाही. खाटकानं बोकडाच्या पाठीवर मारावी तशी.

आई घरातून बाहेर आली. मला वाटलं ती आता ओरडेल, झाडाला मिठी मारेल, रडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती सरळ भिंतीला वळसा घालून नरसय्यांच्या अंगणात गेली. मी तिच्या मागं. इतकी वर्षं शेजारी राहून तिनं ते झाड पलीकडून कधी बघितलं नव्हतं. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघत राहिली. मग बांबूवरची एक निळी लड हातात घेतली, तिच्यात अडकलेली पानं एकेक करून काढली, आणि लड परत जागेवर ठेवली.

"खरं हाय तुमचं," ती नरसय्यांना म्हणाली. "माझ्या झाडानं तुमच्या अंगणात यायचं कारण न्हाय. भिंतीच्या ह्या अंगाला जेवढ्या फांद्या आल्यात तेवढ्या आजच्या आज निघतील."

नरसय्या गोंधळले. "पन वैनी, भाऊनं झाडाचं शब्द दिलंय."

"त्यांनी दिला. मी न्हाय दिला."

"असं कसं ओ?"

"असंच. फांद्या तुमच्याकडं आल्यात, त्या काढते. खोड माझ्या अंगणात हाय. ते ऱ्हाणार."

आजही कुणी मला "जरा समजुतीनं घ्या" असं म्हणतं तेव्हा मला आईचं ते वाक्य आठवतं. समजुतीनं घ्या याचा अर्थ आपल्याकडं बहुतेक वेळा एकच असतो. बाईनं सोडून द्यावं. ज्याचं जे आहे ते द्यायला आईची कधीच ना नव्हती. त्या फांद्या गेल्या की तिच्या सावलीची मावळतीकडची बाजू उघडी पडणार होती, उन्हं तिच्या सुपापर्यंत यायची होती. ते तिला माहीत होतं. तरी तिनं घासाघीस केली नाही, एखादी फांदी राहू द्या असं म्हटलं नाही. पण त्यापुढं एक डहाळीसुद्धा नाही. शेजारधर्म म्हणजे काय हे मी तिथं शिकले, आणि आपलं ते आपलं म्हणायचं तेही तिथंच.

तर लाकूडतोडे. आईनं त्यांना सांगितलं, फक्त त्या अंगाच्या फांद्या तोडा. म्हातारा हसला. "बाई, नुसत्या फांद्यास्नी आमी येत न्हाय. त्यात काय मिळतंय आमाला? पुरं झाड असंल तर बोला."

"मग जावा."

ते गेले. जाताना आप्पांकडं बघून गेले. गल्लीत एव्हाना माणसं जमली होती. सुट्टीचा दिवस, सगळे पुरुष घरी. आप्पा दाराशी उभे, चेहरा लाल. त्यांना राग आला होता त्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "आता कोण तोडणार तुझ्या फांद्या?"

आईनं पदर कमरेला खोचला. काष्टा आवळला. कोनाड्यातला कोयता काढून तो पाठीमागं कमरेला अडकवला, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं, भिंतीवर पाय ठेवला आणि चढली.

सांगोल्याकडच्या माळावर लहानपणी तिनं हेच केलं होतं. शेळ्यांसाठी बाभळीवर चढायची, काट्यांतून पाला पाडायची. लग्न होऊन पेठेत आल्यावर ते सगळं तिनं गुंडाळून ठेवलं होतं. मला तर ठाऊकही नव्हतं. माझी आई म्हणजे विड्या वळणारी, वाकून चालणारी, दुसऱ्यांदा चहा मागितला तर डोळे वटारणारी बाई. ती त्या दिवशी खोडाला पायाचे तळवे घट्ट लावत अशी सरसर वर गेली की गल्लीतून एकदम आवाजच आला. भीतीचा, आश्चर्याचा, आणि थोडा कुचेष्टेचा.

"ओ, बाईमाणूस झाडावर!"

"उतरवा की तिला कुणीतरी."

आप्पा खोडाशी आले. "खाली उतर. लोक बघाय लागल्यात."

वरून आईचा आवाज आला, "बघू द्या. तोंड वर करून बघू नका म्हणावं, डोळ्यात भुस्सा जाईल."

कुणीतरी हसलं. आप्पा चपला घालून निघून गेले.

मग मला हाक आली. मी तेव्हा पंधरा वर्षांची, परकर-पोलक्यातली. "शालन, दोराचं टोक धर. खोडाला एक येढा दे, मग सोडत जा हळूहळू. एकदम सोडलीस तर फांदी त्यांच्या पत्र्यावर जाईल."

ती आधी लहान फांद्यांवर आली. प्रत्येक फांदीला आधी खालून एक घाव घालायची, मग वरून. नाहीतर फांदी मोडताना साल ओरबाडत खोडापर्यंत येते, हे तिनं मला नंतर सांगितलं. ओल्या लाकडाचा कडू वास खाली उतरत होता. पानांचा, भुश्श्याचा पाऊस माझ्या केसांत, मानेवर, पोलक्यात. दोरानं तळहात सोलवटले. फांदी लोंबकळत, झुलत खाली यायची आणि मी ती नरसय्यांच्या अंगणात अलगद टेकवायची.

शेवटी मोठी फांदी राहिली. माझ्या मांडीपेक्षा जाड, थेट मागाच्या खोलीच्या पत्र्यावर गेलेली. आईनं दोर वरच्या बेचक्यातून घेतला, फांदीला बांधला आणि विचारलं, "पेलंल का?" मी म्हटलं, व्हय. मला पेलणार नव्हतं हे मला दिसत होतं, पण नाही म्हणायची ती वेळ नव्हती. घाव पडायला लागले. फांदी कुरकुरली आणि एकदम तिचा भार दोरावर आला. मी खोडाकडं ओढली गेले. पाय घसरले.

त्याच वेळी माझ्या मागून दोन हात आले आणि दोरावर बसले. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं. लक्ष्मीअक्का. ती भिंत ओलांडून कधी आली ते मला कळलंच नाही. पलीकडून नरसय्या तेलुगूत काहीतरी मोठ्यानं बोलले. तिनं मान वळवली नाही. दातांवर दात ठेवून मला म्हणाली, "सोड. हळू सोड. मी हाय."

आम्ही दोघी दोर सोडत गेलो. फांदी पत्र्याच्या वीतभर वरून फिरली. आणि तेव्हा नरसय्यांनी काय केलं? ते धावले. आधी आपले सुताचे बांबू बाजूला केले, मग हात वर करून फांदीचा शेंडा धरला आणि तिला अंगणात ओढून घेतलं. ती खाली टेकली तेव्हा आम्ही सगळेच धापा टाकत होतो.

आई उतरली. हाताची कातडी सोललेली, कपाळावर भुस्सा, एका पायाला रक्त. तिनं नरसय्यांना विचारलं, "आता झालं?"

ते वर बघत म्हणाले, "झालं, वैनी."

त्यांच्या अंगणावर आता नुसतं आभाळ होतं. पांढरं, तापलेलं. पाला गल्लीतल्या शेळ्यांनी संध्याकाळपर्यंत संपवला. त्या दुष्काळात हिरवं दिसलं की त्या वेड्या व्हायच्या. फाटे ज्याला लागतील त्यानं चुलीला नेले. ज्यांनी सकाळी "बाईमाणूस झाडावर" म्हटलं होतं, त्यांच्या घरीही गेले.

पुढचे कितीतरी दिवस नळावर तोच विषय. कुणी म्हणे, नवऱ्याचं नाक कापलं. कुणी म्हणे, पोरीचं लग्न कसं जमायचं आता. शाळेत एका मुलीनं मला विचारलं, "तुझी आई माकडीण हाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय. तुझी चढून दाखवंल का?"  मला त्या उत्तराचा आजही अभिमान वाटतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. चैत्रात फुलोरा आला आणि वाऱ्यानं तो भिंतीपलीकडं नेलाच. नरसय्या येऊन म्हणाले, "वैनी, फुलं येतेतच ओ." आई म्हणाली, "फांदी माझी, ती मी तोडली. वारा काय माझा न्हाय." ते हसले आणि बांबू अंगणाच्या दुसऱ्या बाजूला रोवले. दुपारची सावली खरंच उणी झाली. आमचं पोतं खोडाच्या अगदी जवळ सरकलं. बायका खेटून बसू लागल्या. लक्ष्मीअक्काही येत राहिली, आणि तिला नवऱ्यानं काही म्हटलं का, हे तिला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दर फाल्गुनात, नरसय्यांनी काही म्हणायच्या आधीच, आई झाडावर चढायची आणि भिंतीपलीकडं गेलेलं सगळं उतरवायची. तिसऱ्या वर्षी तिनं मला वर चढवलं. तिथून पेठ कशी दिसते ते मी पहिल्यांदा बघितलं. नुसते पत्रेच पत्रे, त्यांवरून उठणारी वाफ, मध्येच वाळत घातलेल्या चादरी, लांब गिरणीचं धुराडं. खाली माझ्याकडं वर बघणारी तोंडं अगदी लहान दिसत होती. ज्यांना आपण इतकी वर्षं भीत होतो ती एवढीशीच होती, हे कळायला एवढंच चढावं लागतं.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. माझ्या दारात शेवगा आहे. तो दरवर्षी शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातो आणि दरवर्षी मी शिडी लावून तो उतरवते. मुलगा म्हणतो, आई, माणूस लावू की. मी म्हणते, लाव, माझे हात चालेनासे झाले की लाव.

आणि आप्पा? आप्पांना त्या गोष्टीनं खोल लागलं होतं. ते महिनाभर आईशी धड बोलले नाहीत. एकदा जेवताना म्हणाले, "माझा शब्द मोडलास तू." आई म्हणाली, "तुमचा असता तर मोडला नसता. तुमी माझं दिऊन टाकलं, मला न सांगता." त्यावर ते ताटातलं अन्न बोटानं चिवडत बसले. मला वाटलं, हा माणूस आता कायमचा असाच राहणार. दुखावलेला.

दोन वर्षांनी, मी मॅट्रिकला असताना, गिरणीतले दोन पाहुणे घरी आले. एकाचा पुतण्या लग्नाचा होता. मुलगा बरा, नोकरी पक्की, मागणं काही नाही. बाहेरच्या खोलीत बसून ते आप्पांना म्हणाले, "तुमी एकदा शब्द द्या. मग बायकांचं काय ते बघू."

मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते.  मला पुढचं वाक्य पाठ होतं. त्यात काय.

 पण आप्पांचा आवाज आला, "थांबा. घरात इचारून येतो."

ते आत आले. आईसमोर उभे राहिले. आईनं त्यांच्याकडं बघितलं. तिनं नुसती माझ्याकडं मान वळवली. आप्पांनीही वळवली. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना ते जड जात होतं, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "न्हाय आप्पा. मला शिकायचंय."

 ते बाहेर गेले. "पोरगी न्हाय म्हणती," त्यांनी सांगितलं.

"पोरीचं काय घिऊन बसलाय? तुमचं काय म्हणणं?"

"तिनं सांगितलं की," आप्पा म्हणाले. "आता मी आणखी काय सांगू?"

पाहुणे अर्धा चहा तसाच ठेवून उठले. आप्पांनी आपला बशीत ओतला, फुंकर घातली आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.